सलाईनला नको, घरभाड्याला द्या

अमेरिकेत कॅन्सरसाठी मदत मागणाऱ्याला कॅन्सर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. नाव ऐकलं की समोरच्याचा हात आपसूक खिशाकडे जातो. जुनाट लाइम आजारासाठी मागणाऱ्याचं तसं नाही. त्याचं आवाहन उघडून वाचा. पहिला परिच्छेद सांगतो की हे नाटक नाही. दुसरा सांगतो की रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो. तिसऱ्यात आजवर किती डॉक्टरांनी हात झटकले त्याची यादी असते. पैशाचा विषय निघतो चौथ्या परिच्छेदात. तिथवर पोचण्याआधीच अनेकांनी ते पान बंद केलेलं असतं.

आधी आपण आजारी आहोत याची साक्ष द्यायची. मग उपचाराच्या खर्चाचा आकडा लावायचा, मग फोटो, मग दर आठवड्याला प्रगतीचा अहवाल. ज्या बाईला अंथरुणातून उठून दात घासायचे म्हटले तरी धाप लागते, तिच्याकडून ही सगळी उठाठेव करून घेणारी व्यवस्था निर्दय आहे. एवढं करून जो पैसा जमतो, त्यातला बराचसा अशा उपचारावर जातो ज्याचा उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही. या दोन्ही गोष्टी मी एका दमात म्हणणार आहे, कारण पहिली म्हणणारे दुसरी बोलायला कचरतात आणि दुसरी म्हणणारे पहिलीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

लाइम हे कनेक्टिकट राज्यातलं गाव. १९७५ च्या सुमाराला तिथल्या आणि शेजारच्या ओल्ड लाइममधल्या मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे नावाची एक आई आपल्या घरातली दुखणी वर्षानुवर्षं टिपून ठेवत होती. हे सगळं मनाचे खेळ आहेत, असं तिला ऐकवून झालं होतं. ती आणि ज्युडिथ मेन्श नावाची दुसरी आई, दोघींनी पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे येल विद्यापीठाचे ॲलन स्टीअर कामाला लागले. तीन गावांतली ३९ मुलं आणि १२ मोठी माणसं यांच्या सांधेदुखीची नोंद १९७७ मध्ये छापून आली. पुढे मोंटानातल्या सरकारी प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात या आजाराचा जिवाणू दिसला. १९८२ मध्ये ते जाहीर झालं आणि जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं. म्हणजे या आजाराचा शोधच मुळी दोन आयांचं म्हणणं कुणीतरी कानावर घेतल्यामुळे लागला. रुग्ण हे विसरत नाहीत. त्यांनी विसरूही नये.

आता आजार. हरणांच्या आणि उंदरांच्या अंगावर वाढणारी काळ्या पायांची गोचीड माणसाला चिकटते. त्यातही अर्धवट वाढलेली, खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड जास्त धोक्याची, कारण ती दिसतच नाही. बहुधा दिवसभराहून जास्त काळ ती रक्त पीत राहिली तरच जिवाणू अंगात शिरतो. दहांतल्या सात-आठ जणांना लालसर, पसरत जाणारा चट्टा उठतो. डॉक्सिसायक्लिन नावाचं जुनं, स्वस्त औषध दहा ते चौदा दिवस घेतलं की बहुतेक लोक बरे होतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, अंदाज आहे की वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांचं लाइम म्हणून निदान होऊन त्यांच्यावर उपचार होतात. आपल्याकडे गोचिडीची भीती ठाऊक आहे ती दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या लोकांना, माकडतापामुळे. तो विषाणूचा आजार, निराळा. लाइमची भीती ठाऊक आहे ती न्यू जर्सी, पेनसिल्वेनिया, कनेक्टिकटमधल्या मराठी घरांना. ज्यांच्या परसदारापर्यंत हरणं येतात आणि ज्यांची मुलं उन्हाळाभर गवतात लोळतात, अशी ही घरं.

सगळं इथेच थांबलं असतं तर वर्गणीची वेळ आली नसती. पण शंभरातल्या पाच ते दहा जणांना औषध पूर्ण घेऊनही महिनोन्‌महिने थकवा, अंगदुखी आणि डोक्यातलं धुकं सोडत नाही. वैद्यकशास्त्राने त्याला उपचारोत्तर लाइम असं नाव दिलं आहे. ते खरं आहे, मोजलेलं आहे, आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन ऑकॉट यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं त्याच रुग्णांच्या मागे उभे आहेत. जिवाणूचे अवशेष, बिथरलेली प्रतिकारशक्ती, मज्जातंतूंची इजा अशा अनेक शक्यता तपासल्या जात आहेत. पक्कं उत्तर मिळालेलं नाही.

जुनाट लाइम या नावाखाली मात्र याहून पुष्कळ मोठी गर्दी उभी आहे. त्यात हे उपचारोत्तर रुग्ण आहेत, आणि ज्यांच्या रक्तात लाइमची खूण कधीच सापडली नाही असेही आहेत. त्यांच्यातल्या कुणाला थायरॉइड असेल, कुणाला स्नायूंचा आजार, कुणाला झोपेचा, कुणाला अजून नाव नसलेलं काहीतरी. दुखणं सगळ्यांचं खरं. कारण मात्र सगळ्यांचं एक नाही, आणि इलाजही एक नाही.

पण विकायला इलाज एकच आहे. शिरेत नळी बसवायची आणि महिनोन्‌महिने अँटिबायोटिक सोडायचं.

हा इलाज तपासून झालेला आहे, तोही एकदा नव्हे. २००१ मध्ये मार्क क्लेम्पनर आणि सहकाऱ्यांनी महिनाभर शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन आणि पुढे दोन महिने डॉक्सिसायक्लिन देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष छापले. दुसऱ्या गटाला तितकेच दिवस औषध नसलेली सलाईन आणि गोळ्या दिल्या. ज्यांच्या रक्तात लाइमच्या खुणा होत्या त्यांच्यापैकी अँटिबायोटिक घेणाऱ्या ३७ टक्के लोकांना बरं वाटलं. नुसतं खोटं औषध घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना. हे दोन आकडे मला प्रत्येक आवाहनाच्या वर छापलेले हवेत. सलाईन लावल्यावर मला बरं वाटलं असं सांगणारी बाई खोटं बोलत नाही, हे त्यातून समजतं. आणि तिला बरं वाटलं म्हणून त्याचं श्रेय सलाईनला देता येत नाही, हेही समजतं. २००३ आणि २००८ च्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला, एकीत थकव्यावर आणि दुसरीत स्मरणावर. पण दुसरीतला फायदा काही आठवड्यांत विरून गेला, आणि दोन्हींत औषधाचा नाहीतर नळीचा त्रास झालेले लोक होते. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या सुमारे २८० रुग्णांवरच्या बारा आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. सगळ्यांना आधी दोन आठवडे सेफ्ट्रिॲक्सोन दिलं होतं. त्यापुढच्या गोळ्यांनी काही जास्तीचा उपयोग झाला नाही.

नळीची किंमत पैशांपलीकडची आहे. मिनेसोटातल्या डॉक्टरांनी २००० मध्ये एका तीस वर्षांच्या बाईची हकीकत छापली. सत्तावीस महिने तिच्या शिरेत सेफोटॅक्सिम नावाचं अँटिबायोटिक चाललं होतं. शेवटी त्या नळीलाच संसर्ग झाला आणि ती गेली. लाइमचा भक्कम पुरावा तिच्यात सापडला नव्हता. २०१७ मध्ये सीडीसीने अशा पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. रक्तात जिवाणू, मणक्याच्या हाडात संसर्ग, आतड्यात जीवघेणा जुलाब. त्यांतलेही सगळे वाचले नाहीत.

आपण देणगीचं बटण दाबतो तेव्हा या नळीतही आपला वाटा असतो. हे बोचरं आहे, पण टाळता येत नाही.

२०१८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक पाहणी छापून आली. पुरावा नसलेल्या किंवा धोक्याच्या पाच उपचारांसाठी लोकांनी इंटरनेटवर मागितलेली वर्गणी त्यात मोजली होती. आवाहनं १,०५९. मागितले २ कोटी ७० लाख डॉलरांहून जास्त, जमले सुमारे ६८ लाख. त्या पाच उपचारांतला एक होता जुनाट लाइमवरचं लांबलचक अँटिबायोटिक, आणि त्याची आवाहनं ११४. प्रत्येकामागे कुणाचा तरी नवरा, कुणाची तरी आई, कुणाची तरी वर्गमैत्रीण. सगळे चांगल्या मनाचे, आणि सगळ्यांच्या मनात एकच की पैसे कमी पडले म्हणून ती बरी झाली नाही असं व्हायला नको.

हाच विचार सगळ्यात जास्त छळतो. आकडा पूर्ण झाला नाही तर दोष प्रेमाच्या माथी येतो. मुळात आकडा पूर्ण होण्याची शक्यता किती? वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नोरा केनवर्दी आणि मार्क इग्रा यांनी २०१६ ते २०२० मधली ४,३७,५९६ वैद्यकीय आवाहनं तपासली. लक्ष्य गाठलं फक्त १२ टक्क्यांनी. १६ टक्क्यांना एक छदामही मिळाला नाही. जिथे लोकांकडे विमा कमी आणि कर्ज जास्त तिथून मागणी जास्त, आणि मिळकत कमी. ज्याच्या ओळखीतले लोक पैसेवाले त्याला जास्त. म्हणजे गरज असेल तिथे पैसा जात नाही, ओळख असेल तिथे जातो. गोफंडमीच्या प्रमुखांनी, टिम काडोगन यांनी, २०२१ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून अमेरिकन काँग्रेसला सांगितलं की लोकांना मदत करणं हे तुमचं काम आहे, ते आम्ही करू शकत नाही. वर्गणीचा सगळ्यात मोठा गल्ला चालवणारा माणूस हे म्हणतो, तेव्हा खासदारांनी खाली बघायला हवं होतं.

राज्यांच्या विधिमंडळांनी मात्र भलत्याच ठिकाणी हात घातला. १९९९ मध्ये कनेक्टिकटने कायदा केला की विमा कंपन्यांनी लाइमसाठी निदान तीस दिवसांचं शिरेतलं आणि साठ दिवसांचं तोंडी अँटिबायोटिक भरून द्यावं. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने गव्हर्नरचा विरोध मोडून दीर्घ अँटिबायोटिकचा खर्च विम्यावर टाकला. त्याच्याआधी कनेक्टिकटचे ॲटर्नी जनरल रिचर्ड ब्लूमेंथल यांनी, दीर्घ अँटिबायोटिक नको म्हणणाऱ्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीच चौकशी लावली होती. २००८ मध्ये तडजोड झाली, नवी समिती बसली, आणि तिने २०१० मध्ये जुन्याच शिफारशी बरोबर ठरवल्या. रुग्णांच्या रोषाला उत्तर द्यायचं म्हणून आमदारांनी औषधाचे दिवस ठरवले. औषध लागू पडतं की नाही हे हात वर करून ठरत नाही. विधिमंडळाच्या हातात जे खरोखर होतं ते निराळं होतं. आजारी माणसाचा पगार.

याच मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. अमेरिकेत १९९३ पासून कायद्याने बारा आठवड्यांची आजारपणाची रजा मिळते, पण बिनपगारी, आणि तीही पन्नासहून कमी माणसं असलेल्या कंपनीत नाही. न्यू जर्सीत १९४८ पासून तात्पुरत्या अपंगत्वाचा विमा आहे. सव्वीस आठवड्यांपर्यंत पगाराचा काही भाग येत राहतो. डेलावेअर नदीचा पूल ओलांडून पेनसिल्वेनियात या, तिथे राज्याची अशी योजनाच नाही. गोचीड दोन्ही काठांवर तीच. कामच करता येत नाही असं केंद्र सरकारने मान्य केलं तरी भत्ता सुरू व्हायला पाच महिने, आणि मेडिकेअरचा विमा लागू व्हायला पुढे आणखी दोन वर्षं. उपचारोत्तर लाइमच्या माणसाला नेमका हाच काळ ओलांडायचा असतो. वर्ष, दीड वर्ष, दोन वर्षं. अनेकजण हळूहळू सुधारतात. सुधारेपर्यंत घर कसं चालवायचं, हा खरा प्रश्न आहे.

आणि आपल्या लोकांचं? एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवस. विमा नोकरीला बांधलेला. नोकरी सुटल्यावर तोच विमा कोब्रा कायद्याखाली अठरा महिने चालू ठेवता येतो, पण मालक भरत होता तो हिस्साही आता स्वतः भरायचा आणि वर दोन टक्के. आजारी जोडीदार घरी, एकाचाच पगार, ग्रीन कार्डाची रांग न संपणारी. अशा घरात पैसे मागायची वेळ आली की मराठी माणूस आधी सोनं विकतो, मग पुण्यातल्या भावाला फोन करतो, आणि अगदी शेवटी, मान खाली घालून, ग्रुपवर लिहितो.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पेनसिल्वेनियातल्या एका मित्राने असंच लिहिलं. लिहिण्याआधी त्याने मला फोन केला.

"अरे, वर नाव काय देऊ? क्रॉनिक लाइम म्हटलं तर अर्धे म्हणतील असला आजारच नसतो. नाही म्हटलं तर विचारतील, मग झालंय तरी काय."

"वहिनींचं काय म्हणणं?"

"ती म्हणते, काहीही लिही, पण माझा फोटो टाकू नकोस. आणि मला झोपू दे."

वहिनींना चट्टा उठला होता, तपासणी पॉझिटिव्ह होती, औषध वेळेवर झालं होतं, आणि तरी एका हिवाळ्यानंतर दुसरा हिवाळा आला तरी त्या उभ्या राहिल्या नव्हत्या. नोकरी गेली होती. विमा न घेणाऱ्या एका खाजगी डॉक्टरने सहा महिन्यांच्या सलाईनचा पाच आकडी अंदाज लिहून दिला होता, डॉलरमध्ये. मित्राने आवाहनात तो तसाच उतरवला. ग्रुपवर जे झालं ते तुम्हाला माहीत असलेलंच आहे. एकाने हळद-दुधाचं प्रमाण सांगितलं. एकाने सांगलीजवळच्या वैद्याचा नंबर टाकला. एकीने खाजगीत विचारलं की डिप्रेशन तर नाही ना. एकाने रिपोर्ट मागितले, जणू कर्जाचा अर्ज आला आहे. पण पैसे टाकणारेही होते, आणि पुष्कळ होते. हे सांगितलंच पाहिजे. आपली माणसं हात आखडता घेत नाहीत. पैशाबरोबर आपण आपलं मत टाकतो, आणि आजारी माणसाला ते मत उचलावं लागतं.

मी मित्राला स्पष्ट सांगितलं की सलाईनसाठी मी देणार नाही. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मग काय, तिला तशीच पडू देऊ?" त्याचा आवाज चढला होता आणि तो चढायलाच हवा होता. ज्याचं माणूस रोज डोळ्यांदेखत झिजतं त्याला चाचण्यांचे टक्के सांगणं सोपं नसतं. मी टक्के सांगितले. मग विचारलं की या महिन्यात घरात काय काय अडलं आहे. पंधरा मिनिटं तो सांगत राहिला. घरभाडं. विम्यात आधी स्वतःच्या खिशातून भरायची ठरावीक रक्कम. मुलीला शाळेतून आणायला माणूस. वहिनींना फिलाडेल्फियातल्या मज्जातंतुतज्ज्ञाकडे न्यायचं तर त्याचा बुडणारा दिवस. पुण्याहून सासूबाईंना आणायचं तर तिकीट आणि त्यांचा प्रवासी विमा, ज्यात त्यांचं जुनं ब्लडप्रेशर बसत नाही. यातली एकही गोष्ट आवाहनात नव्हती. का नव्हती? त्याला वाटलं, लोक औषधाला देतील, भाड्याला कोण देतं.

त्याचं वाटणं चूक नव्हतं. वर्गणीला ध्येय लागतं, आकडा लागतो, एक दिवस सगळं संपून ती हसत उभी राहिल्याचा फोटो लागतो. सलाईनला हे सगळं आहे. झोप नीट लागावी म्हणून केलेले उपचार, वेदना आटोक्यात ठेवणं, उभं राहिलं की धडधडणाऱ्या हृदयाचा इलाज, हळूहळू वाढवत नेलेली हालचाल, दुसरा आजार तर नाही ना याची पुन्हा एकदा नीट तपासणी, यांतल्या कशालाही विजयाचा फोटो नाही. म्हणून देणाऱ्यांनीच सवय बदलायची आहे, मागणाऱ्यांनी नव्हे. मागणारा आधीच थकलेला आहे.

पूर्ण बरं होण्याची भूक माणसांना किती दूर नेते ते बघायचं तर दिल्लीकडे बघा. लाइमने अंथरुणाला खिळलेली कॅलिफोर्नियाची एमी शेर स्टेम सेलच्या उपचारांसाठी दिल्लीतल्या एका क्लिनिकमध्ये आली. तिने त्यावर पुस्तक लिहिलं आहे. ती बरी झाली असं ती सांगते आणि मला तिच्या बरं होण्याचा आनंद आहे. पण आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमावलीनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. आपल्या शहरातल्या क्लिनिकचा पत्ता कुणी परदेशातल्या लाइमच्या रुग्णाला पाठवत असेल तर त्याने आधी ती नियमावली वाचावी.

तुम्ही स्वतः कुणासाठी असं आवाहन लिहिणार असाल तर चार गोष्टी ऐका. बरं करण्याचं वचन देऊ नका. आजार सिद्ध करत बसू नका. डॉक्टरांनी काय निदान केलं आहे आणि काय अजून कळलेलं नाही, हे दोन ओळींत लिहा आणि पुढे जा. महिन्याचा खर्च लिहा, तोही खरा. पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते आधी ठरवा. अमेरिकेत गरिबांसाठीचा जो अपंगत्व भत्ता आहे, त्याला एकट्या माणसाकडे दोन हजार डॉलरहून जास्त शिल्लक चालत नाही. तो भत्ता घेणाऱ्याच्या नावावर वर्गणी जमली की भत्ताच बंद पडू शकतो. अशा वेळी वेगळा ट्रस्ट लागतो, नाहीतर अपंगांसाठीचं एबल खातं. ते पूर्वी सव्विसाव्या वर्षाआधी अपंगत्व आलेल्यांनाच उघडता यायचं, २०२६ पासून ती वयोमर्यादा शेहेचाळीस झाली आहे. आणि गोफंडमी ही गल्ल्याची कंपनी प्रत्येक देणगीतून २.९ टक्के आणि वर तीस सेंट कापते. मित्रमंडळीच देणार असतील तर सरळ बँकेतून पाठवायला सांगा.

आणि देणारे, तुम्ही. दर महिन्याला थोडं द्या, कारण हा आजार महिन्यांनी मोजायचा आहे. एकदा मोठी रक्कम देऊन मोकळे होऊ नका. पैसे दिल्यावर बरी झाली का असं विचारू नका. मराठी मंडळांनी तर याहून पुढे जावं. गणपतीची वर्गणी ज्या शिस्तीने जमते त्याच शिस्तीने आजारपणाचा एक कायमचा निधी ठेवावा, ज्याला हात लावायला कुणाला फोटो द्यावा लागू नये. उन्हाळ्यात सहलीची नोटीस काढताना खाली लिहावं की घरी परतल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यामागच्या लवणी, केसांची मुळं तपासा, आणि गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. एकेकाळी लशीचाही आधार होता. १९९८ मध्ये परवानगी मिळालेली लायमेरिक्स २००२ मध्ये कंपनीने खप नाही म्हणून काढून घेतली. फायझर आणि वाल्नेवा यांनी नव्या लशीची शेवटच्या टप्प्यातली चाचणी २०२२ मध्ये सुरू केली. ती येईल तेव्हा येईल. चिमटा आजही आहे.

मित्राने आवाहन बदललं. सलाईनचा आकडा काढला, भाडं आणि विमा घातला, मुलीच्या शाळेचं घातलं, सासूबाईंचं तिकीट घातलं. वहिनींनी वाचून दोन शब्द खोडले आणि हो म्हणाल्या. खाजगी डॉक्टरचा विषय त्यांच्यात अजून संपलेला नाही. तो निर्णय त्या दोघांचा, आणि तो निघाला की आमचा वाद होतो. ग्रुपवर एका जुन्या वर्गमित्राने लगेच लिहिलं, "ट्रीटमेंटच नसेल तर पैसे कशाला हवेत?"

त्याला मी तिथेच सगळ्यांसमोर उत्तर दिलं, आणि इथेही देतो. कारण तिचा पगार बंद आहे आणि भाडं बंद नाही. कारण नवऱ्याने अजून एक दिवस रजा घेतली तर त्याची नोकरी आणि त्याच्याबरोबर सगळ्यांचा व्हिसा जाऊ शकतो. कारण तिची मुलगी आठ वर्षांची आहे आणि तीन वाजता शाळा सुटते. तू कशासाठी देशील ते सांग, मी खाते क्रमांक पाठवतो.